पाच फोड आणि कौतिकाबाई

आमच्या नवजात शिशू विभागात नवीन सिस्टर रुजू झाली की पहिल्याच दिवशी मी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला चार बोटं लांब चिकटपट्टी लावायची आणि म्हणायची, "जा, काम कर. जेवणाच्या सुट्टीआधी माझ्याकडे ये." ती बिचारी चार तास हाच विचार करत फिरायची, की ही बाई डोक्याने ठीक आहे ना. मग ती आली की मी तिच्याशी गप्पा मारता मारता पट्टी एका झटक्यात ओढायची. "आई गं!" असा आवाज निघाला की माझं व्याख्यान निम्मं संपलं. उरलेलं निम्मं एवढंच असायचं : "तुझी कातडी पंचवीस वर्षांची आहे, तरी तुला एवढं लागलं. त्या पेटीत झोपलंय त्याची कातडी अजून तयार होते आहे."

ब्रदर लोकांच्या बाबतीत हा कार्यक्रम जास्त रंगायचा, कारण त्यांच्या हाताला केस. चिमूरच्या एका दांडग्या ब्रदरने असा हंबरडा फोडला होता, की शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणी पोट धरून बघायला आल्या. पाठीमागे मला 'पट्टीवाली मावशी' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता मूलला राहते. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत मिळून एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस काचेच्या पेट्यांतल्या लेकरांजवळ. खाली जे लिहिते आहे ते कोणत्या दवाखान्यात घडलं ते सांगणार नाही. चूक माझी होती, इमारतीची नव्हती.

हे पट्टीचं वेड मला का लागलं ते आधी सांगते. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे सातव्या महिन्यात जन्मलेली एक मुलगी होती, किलोपेक्षाही कमी. तिच्या हाताला सलाईनची सुई होती आणि ती हलू नये म्हणून वरून पट्टी. सुई बदलायची वेळ आली. मी मोठ्या माणसाची काढतात तशी पट्टी काढली आणि पट्टीबरोबर कातडी निघून आली, दुधावरची साय चमच्याला यावी तशी. मुलीने तोंड उघडलं, पण रडण्याइतका आवाज तिच्यात नव्हता. काचेपलीकडून तिची आई बघत होती. ती म्हणाली, "बाई, ते काय निंगालं?"

मी म्हटलं, "काही नाही. पट्टी आहे."

ती मुलगी वाचली, अडीच महिन्यांनी आपल्या घरी गेली, हातावर रुपयाएवढा डाग घेऊन. पण मी त्या आईशी खोटं बोलले ते बोललेच. त्या दिवशी आमच्या बालरोगाच्या डॉक्टर मॅडमनी मला रागावण्याऐवजी समोर बसवलं आणि केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक चित्र काढलं. पुढे आयुष्यभर मी तेच चित्र सगळ्यांना काढून दाखवत आले, म्हणून इथेही शब्दांत काढते.

कातडी म्हणजे एकच पापुद्रा आहे असं आपल्याला वाटतं. ती असते गोधडीसारखी : वर एक कापड, खाली एक कापड. वरचं कापड पेशींचं. त्यातली प्रत्येक पेशी शेजारणीला जागोजागी टिचबटणांनी लावलेली असते. मॅडम त्या बटणांना डेस्मोसोम म्हणायच्या. माझी जीभ टिचबटणांवरच राहिली. वरच्या कापडाची सगळ्यात खालची रांग मात्र खालच्या कापडाला टाक्यांनी शिवलेली असते. पोटातल्या बाळाला सुरुवातीला नुसता एक पातळसा थर असतो. मग थरावर थर चढतात, बटणं लागू लागतात, तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला खालचे टाके दिसू लागतात, आणि मग महिन्यामागून महिना ते दाट आणि घट्ट होत जातात. पूर्ण दिवसांचं मूल बाहेर येतं ते नीट शिवलेलं. सातव्या महिन्यात येतं ते धावदोऱ्यावर असतं. त्याला पट्टी लावली, की पट्टी कातडीला जितकी घट्ट धरते तितकं घट्ट कातडीने अंगाला धरलेलं नसतं. बस, एवढंच शास्त्र. पण एवढं कळल्यावर मी माझ्या विभागातून अर्ध्या पट्ट्या हद्दपार केल्या आणि उरलेल्या कोमट पाण्याने, तेलाच्या बोटाने, शंभरापर्यंत आकडे मोजत काढायला लावल्या.

अशा कच्च्या शिवणीच्या लेकरांना सगळ्यात चांगलं औषध म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. उघड्या छातीवर बाळ ठेवायचं आणि वरून कापड गुंडाळायचं. आईला ताप असला की बापाला बसवायचं. एकदा एक वनरक्षक भाऊ आले. जंगलात अस्वलाशी गाठ पडलेला माणूस, पण शर्ट काढायला सांगितला तर घामाघूम.

"सिस्टर, मले दूध येत नाई जी," त्यांनी हळूच सांगितलं.

"मला माहीत आहे, भाऊ. तुम्ही फक्त बसा."

"हलू नोको काय?"

"जमेल तेवढं."

साडेतीन तास तो माणूस श्वाससुद्धा मोजून घेत होता. पुढे आठवडाभर रोज यायचा, वर्दीची बटणं फाटकापासूनच उघडत. चौकीदाराने मला विचारलं, "साहेबाले काही झालं काय?" मी म्हटलं, बाप झालाय.

तर कातडीचं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज पक्का झाल्यावर कौतिकाबाई माझ्या आयुष्यात आल्या.

चामोर्शीकडच्या एका खेड्यातली सुनंदा नावाची मुलगी. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. मुलगा झाला, दिवस पूर्ण भरलेला, वजन छान. तिसऱ्या दिवशी घरी गेले आणि सहाव्या दिवशी त्याला घेऊन आमच्याकडे आले. तळहातांवर, तळपायांवर, कमरेभोवती पाण्याने टरटरून भरलेले फोड. काही फुटून लालभडक मांस उघडं पडलेलं. सोबत सुनंदाची आई कौतिकाबाई होत्या आणि तिची सासूही, जी नातवाला बघायला त्याच दिवशी आली होती.

आता आमच्या भागातली रीत सांगायला हवी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात. बाळाची आजी निखाऱ्यावर आपले हात तापवते आणि बाळाचं पोट, पाठ, तळवे शेकते. घरोघरी चालतं हे. आणि आम्हा दवाखान्यातल्या लोकांची रीत अशी, की बाळाच्या अंगावर लाल काही दिसलं की आमचा पहिला प्रश्न शेकाचा. तेलाने पुरळ आलं, शेक. जंतुसंसर्ग झाला, शेक. दहांतल्या काही वेळा आमचं बरोबरही निघतं, म्हणून ती सवय सुटत नाही.

मी विचारलं, "शेक दिला होता?"

कौतिकाबाई म्हणाल्या, "हो जी, देल्ता. आमच्याकडे देतेतच."

झालं. माझा पारा चढला. "भाजून आणलंय लेकरू!" मी अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी ओरडले. "हात आहेत का सांडशी? सहा दिवसांचा जीव आहे हा! रीत म्हणे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर चालवता तुमची रीत?" अजून बरंच बोलले. माझी जीभ त्या काळात प्रसिद्ध होती.

समोर उभ्या होत्या कौतिकाबाई. पन्नाशीच्या, काटक, रापलेल्या बाई. त्यांनी आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. ड्यूटीवर नवीन डॉक्टर होते. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं : शेकामुळे भाजणे. भाजल्याची केस म्हटली की पोलिसांना कळवावं लागतं. दवाखान्यातल्या चौकीचा शिपाई आला, त्याने कौतिकाबाईंचं बयाण घेतलं, अंगठा घेतला. सासूने हे सगळं उभ्याने पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला : "ह्या बाईनं आता माह्या नातवाले हात लावाचा नाई. न् सुनंदा बी आता त्या घरी जाणार नाई. सांगून ठेवतो." सुनंदा रडत होती, पण आईच्या बाजूने एक शब्द बोलली नाही. तीही माझ्याच शब्दांवर विश्वास ठेवून बसली होती. पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या शब्दाला आमच्याकडे फार वजन असतं.

दोन दिवस आम्ही भाजलेल्या मुलाचे उपचार केले. फोड सुकायला हवे होते. ते वाढत गेले. नावाचा पट्टा होता त्या मनगटाभोवती नवा फोड. लंगोट बांधला होता तिथे नवा. दवाखान्यात कोणी शेगडी पेटवली नव्हती. तरी मी मनाची समजूत घालत होते, की जुनंच भाजलेलं आता वर येतं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी वजन करायला मी त्याला काखेत धरून उचललं. नेहमीसारखं, मऊ हाताने. दुपारी अंगावरचं कापड बाजूला केलं तेव्हा त्याच्या डाव्या बरगड्यांवर चार फोड होते, एकाखाली एक. पाचवा पुढून, छातीजवळ. मी माझा हात वर धरून बघितला. चार बोटं आणि अंगठा. जिथे मी त्याला धरलं होतं तिथे माझा हात छापल्यासारखा उमटला होता.

मी स्टुलावर बसले. ज्या हातांची मी एवढी वर्षं मिजास केली, ते हात त्याच्या अंगावर फोड होऊन आले होते. आणि त्याच क्षणी मला कळून चुकलं, की कौतिकाबाईंनी याला भाजलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम रजेवरून आल्या. त्यांनी एकेक फोड नीट पाहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, हे मूल पूर्ण दिवसांचं आहे, पण याची शिवण पोटात असतानाच बिघडलेली दिसते. टाके पडायच्या वेळी दोराच कच्चा मिळाला."

हा आजार जन्मजात असतो. त्याचे प्रकार आहेत, आणि सगळा प्रश्न एवढाच, की कातडी नक्की कुठून सुटते आहे. टाक्यांच्या वर, म्हणजे वरच्या कापडाच्या तळच्या रांगेतल्या पेशी फाटत असतील, तर पहिली दोन-तीन वर्षं त्रासाची, पण मूल सांभाळलं तर जगतं आणि वयाबरोबर फोड कमी होत जातात. टाक्यांमध्येच किंवा त्यांच्याही खाली सुटत असेल तर मात्र कठीण. काही बाळं महिन्यांतच जातात. काही जगतात, पण बोटं एकमेकांना चिकटतात, अन्ननलिका आकसते. वरून बघून काही सांगता येत नाही, दोन्हींचे फोड सारखेच. त्यासाठी कातडीचा कणभर तुकडा मुंबईच्या लॅबला पाठवायचा होता.

तुकडा घ्यायचीही एक तऱ्हा असते. जुना फोड चालत नाही, ताजा लागतो. मॅडमनी शाळेतलं नवंकोरं खोडरबर निर्जंतुक करून घेतलं, बाळाच्या मांडीवर चांगली दिसणारी जागा बघितली आणि तिथे रबर हलकेच फिरवलं. मग जागा बधिर करून चिमूटभर तुकडा काढला. आमच्या लॅबमधले भाऊ तत्परतेने फॉर्मालिनची बाटली उघडून उभेच होते. जगातला प्रत्येक तुकडा त्याच बाटलीत जातो, हे त्यांच्या हाताला पाठ. तुकडा बाटलीच्या तोंडाशी गेला आणि मॅडम ओरडल्या, "भाऊ! नको!" या तपासणीला फॉर्मालिन चालत नाही, त्याने तुकडा वाया जातो. मुंबईच्या लॅबने पाठवलेल्या वेगळ्या पाण्याची कुपी टेबलावरच होती. तुकडा तिच्यात पडला तेव्हा आम्ही तिघांनी एकदमच श्वास सोडला. भाऊ म्हणाले, "मी तर सवयीनं…" मी त्यांना काही बोलले नाही. सवयीबद्दल कोणाला बोलायची माझी लायकी उरली नव्हती.

रिपोर्टला दोन-अडीच आठवडे लागणार होते. मॅडमनी सुनंदाला आणि तिच्या सासूला सांगितलं, की हा बहुतेक जन्मापासूनचा आजार असावा, नक्की रिपोर्ट आल्यावर कळेल. त्या 'बहुतेक' आणि 'असावा'चा मी आडोसा घेतला. केसपेपरवर लिहिलेलं तसंच राहू दिलं. म्हटलं, रिपोर्ट येऊ दे, मग एकदमच खोडू. सासूही म्हणालीच, "आजार असन, पण शेकानं वाढला असन." मी तिथेच उभी होते. गप्प राहिले.

अशा मुलाची निगा म्हणजे काम किती! फोड सुईने खालून टोचून पाणी काढायचं, पण वरचं कातडं ठेवायचं, कारण तेच खालच्या जखमेचं पांघरूण. मग मलमाची जाळी, त्यावर मऊ कापड, चिकटपट्टी कुठेही नाही, फक्त गुंडाळायचं. काखेत धरून उचलायचं नाही. घासायचं नाही, पुसायचं नाही, टिपायचं. दूध पाजण्याआधी ओठांना मलम. दिवसातून हे सगळं तीनदा, दर वेळी तास-सव्वातास, आणि विभागात इतर अकरा मुलं. सुनंदा अशक्त, तिचे हात थरथरायचे. सासू बाळाच्या जवळ यायलाच भ्यायची. मी घाईत असायची, आणि घाईचा हात म्हणजे नवा फोड.

कौतिकाबाई मात्र रोज यायच्या. सासूच्या हुकमाने आत यायची बंदी, म्हणून फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बसायच्या. सुनंदाचा डबा चौकीदाराच्या हाती आत पाठवायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायच्या. तुकडा पाठवल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. माफी मागायला गेले होते असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेले ते मला हात हवे होते म्हणून.

"काम काय करता तुम्ही?" मी विचारलं.

"धानाचं. रोवणं, निंदणं."

"पऱ्हे खणता?" पऱ्हे म्हणजे भाताची रोपं, वाफ्यातून काढून शेतात लावतात ती.

"तेच तं करतो जलमभर. जोरानं वढलं तं मूळ तुटते. मुळाखालून बोटं घालून, मातीसंगं उचला लागते."

मी म्हटलं, "आत चला."

"इनबाई बोलतीन न जी."

"विहिणीला मी बघते."

सासूला मी सांगितलं, की मला माणूस कमी पडतो आहे आणि दवाखान्यात कोणी कुठे हात लावायचा हे मी ठरवते. ती पुटपुटली, पण पांढऱ्या कपड्यांपुढे नमली. मी कौतिकाबाईंना कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं, नखं कापली, बांगड्या उतरवल्या. दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी एकटीने केलं. त्यांनी बाळाखाली दोन्ही तळवे सपाट सरकवले आणि त्याला अंथरुणाच्या कापडासकट उचललं. बोटं त्याच्या अंगावर कुठे मिटलीच नाहीत. सरकारी जाळीच्या कडा टोचतात, हेही त्यांनीच दाखवलं. दुसऱ्या दिवशी आपलं एक जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं घेऊन आल्या. मी ते उकळून, वाफेच्या यंत्रातून काढून त्याच्या पट्ट्या केल्या. लंगोटाची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, हेही त्यांचंच डोकं. नवे फोड निम्म्यावर आले. बाळाने वजन घेतलं, अगदी थोडं, पण घेतलं.

त्या दिवसांत कौतिकाबाई जेमतेम बोलायच्या. काम झालं की खाली मान घालून कोपऱ्यात बसायच्या. बाळाला कधी मांडीवर घेतलं नाही, कधी त्याच्याशी लाडाने बोलल्या नाहीत. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे. आणि तो असायलाच हवा, असंही वाटायचं. रोज ठरवायची, आज बोलू. रोज काहीतरी काम निघायचं. काम निघत नसलं तर मी काढायची.

दाखल झाल्यापासून तेविसाव्या दिवशी दुपारी मॅडमच्या फोनवर रिपोर्ट आला. त्यांनी तो दोनदा वाचला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वरचा आहे," त्या म्हणाल्या. "टाके जागेवर आहेत, सिस्टर. वरूनच फाटतं आहे."

मी त्यांना मिठी मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मॅडम हसत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. सुनंदाने ऐकलं आणि व्हरांड्यातच खाली बसली. सासूने भिंतीकडे तोंड करून हात जोडले. तो मुलगा आज सात वर्षांचा आहे. उन्हाळा त्याला बाधतो, बनियन उलटा घालतो, बूट नको म्हणतो. कबड्डी खेळत नाही, पण बाजूला उभा राहून दोन्ही संघांशी भांडतो. बोटं दहाच्या दहा मोकळी आहेत.

तर मी आत गेले. कौतिकाबाई बाळाच्या पायाला कापड गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "रिपोर्ट आला. कातडीच जन्मापासून तशी आहे, पण प्रकार चांगला आहे. पोरगं जगतंय, कौतिकाबाई. मोठं होईल तसे फोड कमी होतील."

त्यांनी मान हलवली. कापडाचं शेवटचं टोक आत खोचलं, बाळ नीट ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, एक इचारू काय?"

"विचारा."

"त्या दिवशी शेगडीत इस्तो जरा जास्त झाल्ता. मी हात तापवून पयले आपल्या गालाले लावून पाह्यला होता, रोज पाह्यतो तसाच. मले नाई चटका लागला. पण मनात येते, त्याले लागला असन. त्याचं आंग कवळं." त्यांचा आवाज बारीक झाला. "आता तुमी म्हणता कातडीच तशी आहे. मंग… मी नाई न जाळलं त्याले?"

मी समजत होते, ही बाई माझ्यावर रागावून गप्प आहे. ती गप्प होती कारण आपणच नातवाला जाळलं, असं ती तेवीस दिवस मानत होती. तिने टिपलेला प्रत्येक फोड, बदललेली प्रत्येक पट्टी, सगळं ती फेडत होती. आणि तिने काही केलेलं नाही हे मला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. एक वाक्य सांगायचं होतं, फाटकापर्यंत चालत जाऊन.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही जाळलं. शेकाचा काही संबंध नाही. मला वीस दिवसांपूर्वीच कळलं होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं जी?"

त्या रागाने विचारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "लाज वाटली."

कौतिकाबाई फरशीवर बसल्या, पाय पसरून, आणि रडायला लागल्या. मोठ्याने, गळा काढून. रडता रडता हसत होत्या आणि "मी नाई, मी नाई गं माय" म्हणत होत्या. आमच्या विभागात मोठ्याने बोलायची बंदी, ती पाटी मीच लावलेली. मी कोणाला गप्प केलं नाही. आवाज ऐकून सुनंदा आणि सासू धावत आल्या. मी दोघींसमोर सांगितलं, की भाजल्याचं मी लिहायला लावलं होतं आणि ते साफ चूक होतं, केसपेपरवर आत्ताच खोडते आहे आणि चौकीतही लिहून देते. कौतिकाबाईंसमोर हात जोडले. सुनंदा आईच्या गळ्यात पडली. सासू दारात उभी होती.

बऱ्याच वेळाने कौतिकाबाई उठल्या. तोंडावर पाणी मारलं. मग साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या मधल्या जागासुद्धा, मी शिकवलं होतं तसे.

"आता घेऊ काय त्याले?" त्यांनी विचारलं.

"आजपर्यंत तुम्हीच तर घेत होता."

"तवा कामासाठी घेत होती जी. आता नुसतंच घेतो."

त्यांनी तळवे खाली सरकवून बाळाला उचललं आणि छातीशी धरलं. बसायला जागा शोधत त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. सासूने आपल्याजवळचं स्टूल उचललं, आपल्या पदराने पुसलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.